बाटलीवरचं नाव वाच

मंजू, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, सोमवारपासून मला कॅन्सरचं औषध चालू करणार आहेत." तेव्हा मी फार बोलले नाही. तुझ्या सासूबाई शेजारी होत्या, आर्या तिथेच घुटमळत होती आणि तुझा आवाज कापत होता. आता निवांत लिहिते. आधी एकटीने वाच, मग विलासरावांना दे.

सगळ्यात आधी हे ध्यानात घे, की कॅन्सरचं औषध असं काही एक औषध नसतं. मी ज्या खोलीत काम करते तिथे दिवसभर आम्ही हीच औषधं कालवतो आणि मोजून भरतो. त्यांच्यात इतका फरक असतो की एकाने डोक्यावर केस राहत नाहीत आणि दुसऱ्याने केसाला धक्का लागत नाही. एक चार महिन्यांत संपतं, दुसरं दहा वर्षं चालतं. एक शिरेतून थेंबथेंब जातं, दुसरं नाश्ता झाला की पाण्याबरोबर घ्यायचं. म्हणून कुणी येऊन म्हणालं, "आमच्या जाऊबाईंना केमो झेपलीच नाही हो," तर आधी विचार, औषध कुठलं होतं? त्यांना सांगता येणार नाही. वर्षभर उपचार घेतलेल्या बायकासुद्धा 'लाल सलाईन' आणि 'पांढरं सलाईन' यापलीकडे काही सांगू शकत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. तुझ्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही.

तुझा तुकडा तपासल्याचा रिपोर्ट तू मला पाठवलास. त्यात गाठीचा आकार आणि ग्रेड आहे, पण औषधं ठरतात ती खालच्या तीन ओळींवर: ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू तीन प्लस. पहिल्या दोन ओळी सांगतात की गाठीतल्या पेशी बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनवर वाढतात. तिसरी सांगते की त्या पेशींच्या अंगावर हर-टू नावाचं प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि तेच त्यांना सारखं वाढायला लावतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभर बायकांमध्ये साधारण पंधरा ते वीस जणींचा हर-टू असा असतो. एके काळी ही तिसरी ओळ बघून डॉक्टरांचा चेहरा उतरायचा, कारण हा प्रकार भराभर पसरतो. आज तसं नाही. त्या प्रथिनावर नेमकं औषध आहे आणि ते तुला मिळणार आहे.

म्हणजे तुझ्या वाट्याला औषधांचे तीन प्रकार येणार: केमो, टार्गेटेड आणि हार्मोनची गोळी. तिघांचं काम वेगळं, त्रास वेगळे, मुदती वेगळ्या. एकाच पिशवीतून येतात म्हणून त्यांना एक समजू नकोस.

केमोपासून सुरुवात करते, कारण धास्ती तिचीच असते. पेशी दुभंगून एकीच्या दोन होतात, त्या वेळी केमोची बहुतेक औषधं तिला गाठतात. कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभंगत असतात म्हणून त्या जास्त मरतात. पण आपल्या अंगातही काही पेशी रोज नव्याने तयार होतात: केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, हाडांतल्या मगजात जिथे रक्त बनतं. औषधाला ओळखपाळख नसते, ते त्यांनाही मारतं. केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, ते याच कारणाने. हे कळलं की एक गोष्ट आपोआप कळते. या पेशी पुन्हा भरून येणाऱ्या आहेत. दोन डोसांमध्ये दोन-तीन आठवडे सोडतात ते त्यासाठीच.

तुला पहिले चार डोस 'एसी'चे आहेत. ए म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, बाटलीवर डॉक्सोरुबिसिन असं लिहिलेलं असेल. हेच ते लाल औषध. आमच्या खोलीत काचेच्या बंद कपाटासारखं यंत्र असतं, त्यातली हवा गाळून वरून खाली वाहते. आम्ही दोन-दोन हातमोजे, गाऊन आणि मास्क घालून त्यात हात घालतो. बाटलीच्या तळाशी शेंदरी-लाल भुकटीची वडी असते. सलाईन सोडलं की ती क्षणात विरघळते आणि सिरिंजमध्ये लालभडक पाणी चढतं. मग लेबल लागतं: नाव, केस नंबर, औषध, मिलीग्रॅम, तयार केल्याची वेळ. दुसरी फार्मासिस्ट तेच सगळं पुन्हा वाचते आणि सही करते. वॉर्डमधली सिस्टर तुला तुझं नाव विचारेल. तिला ते ठाऊक असलं तरी विचारेल. कंटाळू नकोस, दरवेळी पूर्ण नाव सांग आणि स्वतः लेबल वाच.

डोस कसा ठरतो, तेही सांगते. तुझी उंची आणि वजन यांवरून अंगाच्या कातडीचं क्षेत्रफळ काढतात आणि त्यावर मिलीग्रॅम ठरतात. म्हणून दर डोसाआधी वजन करायचं. वजन चार-पाच किलोंनी उतरलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर तूच सांग.

या लाल औषधाच्या तीन गोष्टी पाठ करून ठेव. पहिली, एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, घाबरायचं नाही. दुसरी, हे शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी आणि मांस जाळतं. सुईच्या जागी जरासं चुरचुरलं, आग झाली, फुगल्यासारखं वाटलं, तर "सिस्टर बिझी आहेत, थांबू" असं अजिबात करायचं नाही. त्या क्षणी हाक मारायची. तुझ्या शिरा बारीक आहेत. केमो पोर्ट बसवायचं का, हे डॉक्टरांना आजच विचारून घे. तिसरी, हे औषध हृदयाच्या स्नायूंना थकवतं, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा आहे आणि म्हणूनच आधी इको काढतात. पुढे कधी, कुठल्याही गावी, कुठल्याही डॉक्टरांनी विचारलं तर 'मला डॉक्सोरुबिसिन एवढे मिलीग्रॅम झालं आहे' हे तुला सांगता आलं पाहिजे. नाव माहीत असण्याचा उपयोग तो असा.

'सी' म्हणजे सायक्लोफॉस्फमाइड. दिसायला साधं पाण्यासारखं. ते मूत्राशयाला टोचतं, म्हणून त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी पी आणि लघवी तुंबवून ठेवू नकोस. कुणी ना कुणी तुला म्हणणारच, केमो म्हणजे विष. त्यात खोटं नाही. पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूने सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात हे दिसलं होतं. त्यावरून 1942 साली अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच्या भावंडाचं, नायट्रोजन मस्टर्डचं इंजेक्शन लिम्फोमाच्या एका रुग्णाला दिलं गेलं. सायक्लोफॉस्फमाइड त्याच घराण्यातलं. पण ते मोजून, ठरलेल्या दिवशी, उतारा हाताशी ठेवून देतात. मला तर या इतिहासाने धीर येतो. माणसं मारायला काढलेल्या वस्तूतून कुणीतरी माणसं जगवायची वाट शोधली.

एसीनंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, असे बारा डोस. हे प्रशांत महासागराच्या काठच्या यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. ज्या दोघांनी ते सालीतून वेगळं काढून 1971 साली त्याची रचना जगासमोर मांडली, त्यांतले एक मनसुख वाणी. जन्म आपल्या नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, काम अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर. याच जोडीने कॅम्प्टोथेसिनही शोधलं. ते त्यांना एका चिनी झाडात मिळालं, पण आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही ते आहे आणि त्यापासून आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकॅन बनतं. त्यासाठी नरक्याची चोरटी तोडही फार झाली, हे दुःख वेगळंच. तुझ्या हाताला ती बाटली लागेल तेव्हा नंदुरबारचा तो माणूस आठव.

पॅक्लिटॅक्सेलने पहिल्या-दुसऱ्या वेळी अंगावर पुरळ, छातीत दडपण, धाप असं होऊ शकतं. म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन देतात. त्या इंजेक्शनने गुंगी येते, तेव्हा एकटी रिक्षाने यायचं नाही. पुढे हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात. हे सांगायला बायका लाजतात, म्हणतात, एवढं काय त्यात. ब्लाउजचे हुक लागेनासे झाले, सुईत दोरा ओवता येईना, पायातली चप्पल निसटलेली कळेना, तर ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायचं. डोस कमी करता येतो. न सांगता बारा डोस पुरे केलेस तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

आता दुसरा प्रकार. ट्रॅस्टुझुमॅब. हे केमो नाही, मंजू, हे मला ठसवून सांगायचंय. हे एक प्रतिपिंड आहे, प्रयोगशाळेत जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं. ते जाऊन नेमकं त्या हर-टू प्रथिनाला चिकटतं आणि वाढीचा निरोप तिथेच अडवतं. शिवाय आपल्या अंगातल्या रक्षक पेशींना ती पेशी दाखवून देतं. याने केस जात नाहीत, पांढऱ्या पेशी सहसा कोसळत नाहीत. आम्ही ते कालवतो तेव्हा बाटली हलवायची नसते, फेस झाला की प्रथिन बिघडतं. हळूच गोल फिरवत विरघळवायचं. फ्रीजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. बाहेरून आणायला सांगितलं तर आईसपॅकच्या डब्यातूनच आणायचं आणि वाटेत कुणाकडे चहाला थांबायचं नाही.

हे पॅक्लिटॅक्सेलबरोबर सुरू होईल आणि दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर चालेल. लाल औषधाबरोबर सहसा देत नाहीत, कारण दोघांचाही डोळा हृदयावर. म्हणून दर तीन महिन्यांनी इको. इको चुकवायची नाही, मग घरात लग्न असो की दिवाळी.

अमेरिकेत हे औषध 1998 साली मंजूर झालं. पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडे त्याची किंमत ऐकून बायका नुसत्या परत जायच्या. रिपोर्टवर तीन प्लस, औषध जगात हजर, आणि ते घ्यायची ऐपत नाही. असे चेहरे मी पाहिलेत. मग 2014 साली बंगळूरच्या बायोकॉनचं बायोसिमिलर बाजारात आलं, पाठोपाठ दुसऱ्या कंपन्यांची आली आणि किमती उतरत गेल्या. बायोसिमिलर म्हणजे तेच प्रतिपिंड दुसऱ्याने बनवलेलं, तपासण्या करून, परवानगी घेऊन. विलासरावांना वाटतंय की महागडं परदेशी घेतलं तरच गुण येईल. तसं काही नाही. बायोसिमिलर घ्या आणि वर्ष पुरं करा. महागडं घेऊन मध्येच पैसे संपले, तर सगळंच वाया जातं.

पैशाचं निघालंच आहे तर सांगते. छापील किमतीवर कधी जाऊ नका. कॅन्सरच्या कितीतरी औषधांची छापील किंमत आणि दुकानात खरी मिळणारी किंमत यांत मोठी तफावत असते, हे सरकारच्याही लक्षात आलं. म्हणून 2019 साली 42 औषधांवर विक्रेत्यांचा नफा तीस टक्क्यांत बांधला. दोन-तीन ठिकाणी चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुझे कुठले डोस बसतात, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, कारण मंजुरी आधी लागते. पण फार स्वस्त, बिनबिलाचं, कुणाच्या ओळखीने मिळणारं इंजेक्शन घेऊ नका. 2024 साली दिल्लीत पोलिसांनी टोळी पकडली, ती रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यांत भलतंच भरून विकायची. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आहे का बघा, सील शाबूत आहे ना ते बघा. रिकामी बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा.

टार्गेटेडमध्ये गोळ्याही असतात. आपल्या शिर्केकाकांना रक्ताचा कॅन्सर आहे, इतकी वर्षं झाली, रोज एक गोळी घेऊन ते भाजी आणायला जातात. त्यांचं औषध इमॅटिनिब, 2001 साली आलेलं. त्यांच्या आजारात दोन जीन तुटून चुकीचे जोडले जातात, त्यातून एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि ही गोळी नेमकी त्यालाच बंद पाडते. मूळ कंपनी नोव्हार्टिसची गोळी महिन्याला लाखाच्या घरात जायची आणि आपल्या कंपन्यांची दहा हजारांच्या आत. पेटंटसाठी कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1 एप्रिल 2013 रोजी कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. शिर्केकाका घरी आहेत त्यात औषधाचा वाटा आहे तसा त्या निकालाचाही आहे.

काकांचं उदाहरण मी दुसऱ्या कारणासाठी काढलं. गोळी आहे म्हणजे सौम्य, असं मानू नकोस, आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नसते. तुझ्या तिसऱ्या प्रकाराबद्दल मला हीच काळजी आहे.

केमो संपेल, ऑपरेशन होईल, लागलं तर रेडिएशनचा शेक होईल. लोक म्हणतील, सुटलीस. आणि मग हातात एक छोटीशी स्वस्त गोळी येईल, टॅमॉक्सिफेन, रोज 20 मिलीग्रॅम, किमान पाच वर्षं, कदाचित दहा. सगळ्यात जास्त बायका इथे ढिल्या पडतात. पहिल्या प्रकाराला घाबरतात म्हणून तो नेटाने पुरा करतात आणि या गोळीला कुणी मोजत नाही. अगं, तुझ्या गाठीच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. टॅमॉक्सिफेन त्यांच्यावरच्या इस्ट्रोजेनच्या जागा अडवून बसतं. कुठे चार पेशी लपून राहिल्या असल्या तर त्यांची वर्षानुवर्षं उपासमार करायची, हे तिचं काम. स्वस्त आहे म्हणून दुय्यम नाही. ती 1970 च्या दशकात आली, आजवर जगभर असंख्य बायकांना तिने वाचवलं आहे.

तिचेही त्रास आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखं होईल, रात्री घामाने उशी भिजेल, चिडचिड होईल, अंगावरून पांढरं जाईल. पाळी अनियमित होईल, पण म्हणून दिवस जाणार नाहीत असं समजू नकोस. हे औषध चालू असताना गर्भ राहता कामा नये. गर्भनिरोधक गोळ्याही चालत नाहीत, तेव्हा तांबीचं डॉक्टरांशी बोल. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखव, रक्ताची गुठळी असू शकते. मन फार खचलं आणि त्यासाठी औषध घ्यायची वेळ आली, तर त्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेन चालू आहे हे सांग. फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन अशी काही औषधं तिचा जोर कमी करतात. त्याला पर्याय आहेत, तेव्हा सांगायला लाजायचं नाही. पाळी कायमची गेल्यावर कदाचित लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतील. ती इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत, पण हाडं ठिसूळ करतात. तेव्हा कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी.

विलासरावांनी मला आयआयटी मुंबईची ती बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "हे मंजूला मिळेल का?" त्यांची तगमग मला कळते. त्यांना सांग, ती कार-टी पेशींची उपचारपद्धती आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून आपल्या देशात उभी केली आणि एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत अंगात सोडतात. मोठं काम आहे, अभिमान वाटावा असं. पण ती रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही कॅन्सरसाठी आहे, स्तनाच्या नाही.

समोरच्या पाटीलकाकांना इम्युनोथेरपी दिली, मग मला का नाही, असं तूही विचारलंस. आपल्या प्रतिकारशक्तीने उगाच आपल्याच अंगावर धावून जाऊ नये म्हणून निसर्गाने तिला ब्रेक दिलेत. काही कॅन्सर त्या ब्रेकवर पाय ठेवून बसतात. ही औषधं तो पाय उचलतात. यामागच्या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चं नोबेल मिळालं. काकांचा कॅन्सर तंबाखूचा, तोंडाचा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी निवोलुमॅबचा अगदी लहान, 20 मिलीग्रॅमचा डोस बाकीच्या औषधांबरोबर देऊन पाहिला. त्याशिवाय शंभरातले साधारण सोळा जण वर्षभर जगत होते, त्याच्यासह त्रेचाळीस. पूर्ण डोसाचा खर्च न परवडणाऱ्यांसाठी हे किती मोठं आहे, सांग. पण तुझ्या प्रकारात, हर-टू आणि हार्मोन दोन्ही पॉझिटिव्ह असताना, ते नेहमीचं औषध नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते जास्त करून या तिन्ही ओळी निगेटिव्ह असणाऱ्यांना देतात. तुला दिलं नाही म्हणजे कुणी हात राखून उपचार करतंय, असं नाही.

आता बघ, हे सगळं मी तुला इतक्या बैजवार का सांगते. समजा जुलाब लागले. केमोवर असशील तर ते अस्तर सोलवटल्याने किंवा जंतुसंसर्गाने असतील, पाणी-मीठ भरून काढायचं, डॉक्टरांना कळवायचं. पाटीलकाकांना लागले तर तेच जुलाब म्हणजे सुटलेली प्रतिकारशक्ती आतड्यावर धावून गेल्याची खूण असू शकते, आणि तिथे स्टेरॉइड लागतात. औषध बंद करून काही महिने झाल्यावरही असं होऊ शकतं. जुलाब दोघांनाही, पण उपाय वेगळा. रात्री अडीच वाजता अनोळखी डॉक्टरांपुढे उभी राहिलीस, तर 'कॅन्सरचं औषध चालू आहे' एवढ्याने त्यांना काहीच कळणार नाही. नाव सांगितलंस तर ते ताबडतोब योग्य दिशेने जातील. वहीच्या पहिल्या पानावर लिही: औषध, तारीख, कितवा डोस, कुठल्या डॉक्टरांचा नंबर. त्याचा फोटो आर्याच्या आणि विलासरावांच्या फोनमध्ये.

आणि ताप. हे सगळ्यात महत्त्वाचं. केमोनंतर सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जातात. या दिवसांत 100.4 किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिनने आकडा उतरतो, आतला जंतू तसाच राहतो. सासूबाई म्हणतील, पोरीला दृष्ट लागली, कपाळावर पट्ट्या ठेवा. ठेवू देत, पण गाडीत बसून. अँटिबायोटिक शिरेतून तासाभरात सुरू होणं आणि पाच तासांनी होणं यांत जिवाचा फरक पडतो. नवीन थर्मामीटर आण, जुन्याचा भरवसा नको.

पिशवीत बाकीची जी औषधं दिसतील त्यांतली बरीचशी कॅन्सरची नाहीत, तुला सांभाळणारी आहेत. पोटावर टोचायचं इंजेक्शन पांढऱ्या पेशी वाढवतं. त्याने कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं, दोन दिवसांत थांबतं. उलटीसाठी ऑनडॅन्सेट्रॉन असेल, त्याने पोट बांधून येतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून पोट साफ राहण्याचं बघ. ओलँझापिन नावाची गोळी मिळेल. ती गुगलवर शोधलीस तर मनोविकाराची गोळी असं दिसेल आणि घरात गोंधळ होईल. केमोच्या उलट्यांवर तिच्यासारखं काम दुसरी क्वचितच करते, म्हणून देतात. रात्रीच घे, झोप येते.

काढ्यांबद्दल तुझ्या सासूबाईंना मीच फोन करणार आहे, तुला वाईटपणा नको. त्यांनी सदाफुलीचा पाला उकळून द्यायचं ठरवलंय, कारण सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनतं हे त्यांनी ऐकलंय. ऐकलंय ते खरं आहे. 1950 च्या दशकात कॅनडात मधुमेहावर औषध शोधता शोधता सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन सापडलं, मग व्हिनक्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आजही लागतं. पण शेकडो किलो पाल्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ग्रॅम निघतात, आणि रुग्णाला मिळतात एक-दोन मिलीग्रॅम, तेही शिरेतून. काढ्यात किती उतरलं हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि तुझ्या यकृताला तेव्हा आधीच तीन औषधं निस्तरायची असतात. लक्ष्मणफळ, हळदीच्या गोळ्या, गोमूत्राचा अर्क, काहीही असो, डॉक्टरांना न सांगता नको. जेवणातली हळद चालते.

डॉक्टरांना एक प्रश्न सोमवारी थेट विचार: हे औषध आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी? विचारायची भीती वाटते, मला माहीत आहे. तुझे कागद बघून मला तरी दिसतं ते हे, की गाठ स्तनात आणि काखेत आहे, पुढे गेलेली नाही, आणि ऑपरेशनच्या आधी औषध देतात ते गाठ आक्रसावी आणि औषध लागू पडतंय का ते डोळ्यांनी दिसावं म्हणून. असा बेत बरं करण्यासाठीच आखतात. पण हे त्यांच्या तोंडून ऐक. उत्तर ऐकलंस की केस गेल्याचं, तोंड आल्याचं सोसायला कारण मिळतं.

केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातील. आर्याला आधीच सांग, उशीवर अचानक बघून ती घाबरेल. सोमवारी पुढून उघडणारा सैल ब्लाउज घाल, घरून हलकं खाऊन जा. इकोचा आणि रक्ताचा रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड एका फाइलमध्ये घे. पाण्याची मोठी बाटली, चघळायला आवळासुपारी आणि शाल, कारण तिथे एसी गार असतो. मी पुढच्या गुरुवारी येते आहे. पोटावरचं इंजेक्शन कसं द्यायचं ते विलासरावांना शिकवायचंय, आणि तुझ्या दहाव्या दिवसाचं रक्त तपासून झाल्यावरच परत निघेन.